नाव लिहायची घाई : ओढ्यातलं स्पायरोगायरा

परवा एम.एस्सी.च्या एका मुलीने फोटो पाठवला. ओढ्यातलं हिरवं तंतूंचं शेवाळ, पेशीत स्प्रिंगसारखा फिरलेला हिरवा पट्टा. खाली प्रश्न : "दादा, ही स्पायरोगायराची कुठली स्पीशीज?"

मी लिहिलं, "यावरून सांगता येणार नाही." तिला वाटलं, मी टाळतोय.

पीएच.डी.च्या पहिल्या हिवाळ्यात मीही हेच केलं होतं. मुळशीकडच्या ओढ्यांतून नमुने आणले, तंतूंची रुंदी मोजली, पट्टे मोजले आणि सात स्पीशीजची नावं लिहून मोकळा झालो. गाइडनी यादी पाहून एवढंच विचारलं, "यातल्या कितींचे झायगोस्पोर पाहिलेस?" एकाचेही नाही. सातही नावं खोडली. अख्खा सीझन गेला.

जीनसपर्यंत पोचणं तसं सोपं आहे. बोटाला बुळबुळीत लागलं आणि तंतूला फांद्या नसल्या तर स्पायरोगायराची शक्यता. मायक्रोस्कोपखाली सर्पिल हरितलवक दिसलं की खात्री. क्लॅडोफोरा हाताला खरखरीत लागतं, त्याला फांद्या असतात. इडोगोनियमला फांद्या नसतात, पण काही पेशींच्या टोकाला बारीक कड्या दिसतात.

स्पीशीजचं मात्र तसं नाही. रंधावांचा 'झिग्नेमेसी' हा 1959 चा ग्रंथ उघडलात तर पट्ट्यांची संख्या, आडवी भिंत सपाट की दुमडलेली, हे लागतंच. पण खरी गाडी अडते ती पुनरुत्पादनापाशी. दोन तंतू शिडीसारखे जोडले गेलेत की एकाच तंतूतल्या शेजारच्या पेशी? झायगोस्पोर लंबगोल आहे की भिंगासारखा? त्याची मधली भिंत गुळगुळीत की खड्ड्याखड्ड्यांची? ही नक्षी पिकलेल्या झायगोस्पोरवरच कळते, कोवळ्यावर नाही.

आणि रुंदीवर तर फार विसंबू नकाच. 1985 मध्ये होशॉ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्पायरोगायराच्या एकाच क्लोनमधून वाढवलेल्या कल्चरमध्ये गुणसूत्रांच्या संचांची संख्या बदलते आणि तंतूंची रुंदीही बदलते. म्हणजे एकाच आईची लेकरं, आणि आपण त्यांना वेगवेगळ्या स्पीशीजची नावं देऊन बसणार!

मग करायचं काय? एकदाच जाऊन बाटली भरून आणू नका. पावसाळ्यानंतर धार बारीक झाली की त्याच जागी दर आठ-दहा दिवसांनी जा. हिरवा गोळा पिवळट-तपकिरी पडायला लागला की आपण 'खराब झालं' म्हणून सोडून देतो. नेमकं तेच उचला, झायगोस्पोर बहुधा तिथेच सापडतात. बाटली अर्धीच भरा, जिवंत नमुना त्याच दिवशी बघा. लुगॉल फक्त थोड्या भागात घाला, फिक्या चहाचा रंग येईल एवढंच. त्यात मूळ रंग जातो, मग हिरवं कुठलं आणि निळं-हिरवं कुठलं हे शोधत बसावं लागतं.

झायगोस्पोर मिळालेच नाहीत तर वहीत 'स्पायरोगायरा एसपी.' लिहा, सोबत मापं आणि फोटो ठेवा. यात कमीपणा नाही. उलट चुकीचं नाव छापलं गेलं तर पुढचा कुणीतरी तेच 'या जिल्ह्यातली नोंद' म्हणून उचलतो, आणि ते खोडायला मग कुणी येत नाही.

त्या मुलीला सांगितलंय, पंधरा दिवसांनी परत त्याच डबक्यापाशी जा. आणि हो, ऑक्युलर मायक्रोमीटर प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी वेगळा कॅलिब्रेट कर. तिच्या फोटोवरची मापं 10 एक्सच्या हिशोबाने 40 एक्सवर घेतल्यासारखी दिसतायत.