मुकी बटणं काय सांगतात

कळंबोलीचं नाव काढलं की लोखंड बाजार डोळ्यांपुढे येतो. मुंबईतला पोलादाचा व्यापार शहराबाहेर नेण्यासाठी सिडकोने ही जागा वसवली आणि तेव्हापासून इथला व्यवहार टनांत आणि किलोंत चालतो. नवा माल वजनावर, भंगारही वजनावर. या हिशेबात १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकाची काहीच किंमत होत नाही. झेडएक्स स्पेक्ट्रमचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि त्यातलं बरंचसं प्लास्टिक. घर बदलताना माळ्यावरून असा एखादा डबा निघतो, हौसेने टीव्हीला जोडला जातो, पडदा उजळतो, पण बटणं दाबली तर अक्षर उमटत नाही. मग ‘गेला’ म्हणायचं आणि भंगारवाल्याच्या पोत्यात टाकायचं. हा निकाल बहुतेक वेळा घाईचा आणि चुकीचा असतो, असं माझं ठाम मत आहे. स्पेक्ट्रम सुरू होताना आधी स्वतःची मेमरी तपासतो आणि मगच सिंक्लेअर रिसर्च या निर्मात्या कंपनीचं नाव आणि १९८२ हे साल पडद्यावर दाखवतो. ती ओळ स्वच्छ दिसली याचा अर्थ प्रोसेसर चालू आहे, रॉम शाबूत आहे, निदान यंत्र चालण्यापुरती मेमरीही जागेवर आहे. म्हणजे अवघड भाग धड आहे, आणि बिघाड आहे तो यंत्राच्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सहज तपासता येणाऱ्या भागात.

ही यंत्रं आपल्याकडे मुळात थोडी. आयात शुल्क भरमसाट होतं, आणि १९८४च्या नोव्हेंबरात नवं संगणक धोरण आलं तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. त्याच सुमारास शाळांसाठीच्या ‘क्लास’ प्रकल्पातून बीबीसी मायक्रो वर्गात पोचला. १९८६मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात आणला आणि तो १९९०पर्यंत विकला. बाकीची यंत्रं आखातातून किंवा इंग्लंडातून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून आली. जगभरात स्पेक्ट्रम पन्नास लाखांच्या घरात विकले गेले, तिथे एक यंत्र कचऱ्यात गेलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. आपल्याकडे घरातला पहिला संगणक म्हणून जे मोजके नग आले, त्यातला एक गेला तर ती मोठी वजाबाकी आहे.

आता बिघाड कसा वाचायचा ते पाहू. मूळ रबरी स्पेक्ट्रमला ४० बटणं आहेत, पण प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नाही. पाच आणि आठ अशा तेरा तारांच्या जाळीत ती बसवली आहेत. बटण दाबलं की पाचांपैकी एक आणि आठांपैकी एक अशा दोन तारा जुळतात. रबराखाली पॉलिएस्टरचे पातळ पापुद्रे (मेम्ब्रेन) असतात, त्यांवर वाहक शाईच्या रेघा ओढलेल्या असतात. या रेघा दोन चपट्या पट्ट्यांतून बाहेर येतात आणि सर्किट बोर्डावरच्या कनेक्टरांत खोचल्या जातात. या रचनेमुळे मेलेली बटणं आपली तक्रार स्वतःच सांगतात. क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी ही लागोपाठची पाच बटणं एकदम गेली असतील तर आठ तारांच्या बाजूची एक तार तुटली आहे. व्ही, जी, टी, ५, ६, वाय, एच, बी अशी कीबोर्डाच्या मधोमध असलेली आठ गेली असतील तर दोष पाच तारांच्या पट्टीत आहे. एकच बटण रुसलं असेल तर त्या एका जागी पापुद्रे नीट टेकत नाहीत किंवा मध्ये घाण आहे. आणि न दाबताच अक्षरं उमटत असतील तर पापुद्र्यांत ओल शिरल्याचा संशय घ्यावा. आपल्या पट्ट्यात पावसाळाभर हवा दमट, शेजारी खाडी, तेव्हा हा संशय कायम मनात ठेवलेला बरा. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी, चाळीसही बटणं दाबून पाहावीत आणि मेलेल्यांवर फुल्या माराव्यात. निम्मं निदान त्या कागदावरच होतं.

यावर जाणकार हरकत घेतील, की पाच बटणांची ओळ जाते ती पट्टी तुटल्यामुळेच कशावरून? आठ तारांच्या बाजूला बोर्डावर आठ डायोड आहेत, त्यांतला एखादा गेला तरी नेमकी हीच खूण दिसते. हरकत रास्त आहे, आणि तिचं उत्तर एका छोट्या वायरने मिळतं. पट्ट्या कनेक्टरांतून काढायच्या, यंत्र सुरू करायचं आणि पाचाच्या कनेक्टरातला एक संपर्क आठाच्या कनेक्टरातल्या एका संपर्काला वायरने क्षणभर जोडायचा. बटण जे करतं तेच आपण हाताने केलं. पडद्यावर त्या जोडीचं अक्षर उमटलं तर बोर्ड निर्दोष आहे, दोष पट्टीतच. चाळीस जोड्या तपासायला फार वेळ लागत नाही. वायर शेजारच्या भागांना लागणार नाही एवढी काळजी मात्र घ्यावी.

बहुतेक वेळा दोषी ठरते ती पट्टीच. चाळीस वर्षांच्या वयाने आणि व्होल्टेज रेग्युलेटरच्या उबेने पॉलिएस्टर कडक होतं आणि कनेक्टरात शिरण्याच्या जागीच तडकतं. तिथे सोल्डरिंग आयर्न टेकवायचं नाही, प्लास्टिक वितळून जाईल. लांबी पुरत असेल तर तडकलेलं टोक सरळ कापून पट्टी पुन्हा खोचता येते. वाहक रंगाने तडा सांधण्याचा उपाय बरेच जण करतात. तो चार दिवस चालतो, पण पट्टी पुन्हा वाकली की तडा उघडतो, त्यामुळे तो मला पटत नाही. खरा उपाय नवी मेम्ब्रेन. ती परदेशात आजही तयार होते आणि मागवता येते. बसवताना खरी परीक्षा असते ती वरच्या धातूच्या पत्र्याची. खालचे पाच स्क्रू काढून झाकण उचललं (तेही हळूच, कारण पट्ट्या दोन्ही भागांना जोडलेल्या असतात) की कीबोर्डावरचा काळा पत्रा दुहेरी चिकटपट्टीने बसवलेला आढळतो. तो ओढून काढला की हमखास वाकतो, आणि एकदा पडलेली घडी पुरती जात नाही. केस वाळवण्याच्या ड्रायरने पत्रा कोमट करावा आणि कडेपासून थोडा थोडा सोडवत जावा. मग रबरी चटई उचलायची, जुनी मेम्ब्रेन काढून नवी ठेवायची आणि चटई परत बसवायची.

डीबी स्पेक्ट्रम प्लसची रचना थोडी वेगळी. त्याला टणक प्लास्टिकची बटणं आहेत आणि बाणांची बटणं जोडीने काम करतात. वरचा बाण दाबणं म्हणजे कॅप्स शिफ्ट आणि ७ एकदम दाबणं. त्यासाठी त्याच्या मेम्ब्रेनला जास्तीचे थर आहेत. म्हणून बाण आणि कॅप्स शिफ्ट एकत्र रुसले तर चार दोष शोधत बसू नये, मूळ एकच असतं. कमोडोर ६४ या त्याच काळातल्या संगणकात पट्टीच नाही. तिथे बटणांखालचे वाहक रबराचे ठिपके बोर्डावर टेकतात, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पुसले की बहुतांश बटणं जिवंत होतात. फक्त तो बोर्ड सुटा करण्याआधी शिफ्ट लॉकच्या दोन तारांचं सोल्डर काढावं लागतं, हे विसरून जोर लावला की तार तुटते. बीबीसी मायक्रोत प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असल्यामुळे बिघडलं तेवढंच बदलता येतं.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. या संगणकांवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम आज साध्या मोबाइलवर इम्युलेटरने चालतो, मग जुन्या प्लास्टिकसाठी एवढी खटपट कशाला? सॉफ्टवेअर जपण्यापुरतं हे खरं आहे. पण स्पेक्ट्रमवर कीबोर्ड म्हणजे निव्वळ अक्षरांची रांग नाही. त्यावर बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेचे आदेश अक्षर-अक्षर टाइप करायचे नसतात. ओळीच्या सुरुवातीला जे हे बटण दाबलं की अख्खा ‘लोड’ उमटतो, पी दाबलं की ‘प्रिंट’, के दाबलं की ‘लिस्ट’. एकेका बटणावर आणि त्याच्या वर-खाली आदेश छापलेले आहेत, म्हणजे भाषेचा शब्दसंग्रह डोळ्यांसमोर आणि बोटांखाली मांडलेला आहे. मोबाइलच्या काचेवर ते आदेश चालतात, पण भाषा अशी बोटांनी शिकता येत नाही. एक साधी गोष्ट पाहा: एच, जे, के, एल आणि एंटर ही एकाच ओळीतली पाच बटणं आहेत. त्यांची एक तार तुटली की कॅसेटवरून काही लोड करता येत नाही, लिहिलेलं पाहता येत नाही, आणि दिलेला आदेश पक्काही करता येत नाही. केसासारख्या एका तड्याने संपूर्ण यंत्र मुकं होतं. असं यंत्र कपाटात मांडून ठेवणं म्हणजे त्याचं खोकं जपणं झालं.

याच कारणाने बाहेरून यूएसबी कीबोर्ड जोडण्याचा पर्याय तपासणीपुरता ठीक, कायमचा नव्हे. आणि नवी मेम्ब्रेन घातली की यंत्र ‘अस्सल’ राहत नाही, या संग्राहकांच्या हरकतीला माझं उत्तर असं, की मेम्ब्रेन हा झिजणारा भाग आहे. वापरणाऱ्याला दिसतो तो पत्रा, रबर आणि त्यांवरची छपाई. ते मूळचं ठेवावं, आणि काढलेली मेम्ब्रेन तारखेची चिठ्ठी लावून यंत्राच्याच खोक्यात ठेवावी.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, आणि १ एप्रिल २०२३पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. दोन्हींचा भर कंपन्यांच्या जबाबदारीवर आहे. पण ज्या यंत्रामागे आज जुनी कंपनी उभी नाही, त्याचा वाली त्याचा मालकच. सुदैवाने या यंत्रांची माहिती दडलेली नाही. १९८२च्या कमोडोर ६४च्या प्रोग्रॅमर संदर्भपुस्तकातच शेवटी सर्किटचा नकाशा जोडलेला आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मल्टिमीटर, डायोड, अल्कोहोल सगळं मिळतं. दुरुस्त झालेलं यंत्र मात्र पुन्हा तापत्या स्लॅबखालच्या माळ्यावर चढवू नये. सिलिका जेलच्या पुड्या घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात, आतल्या खोलीच्या कपाटात ठेवावं. पट्ट्यांवर ताण येईल असं काही वर रचू नये, आणि पावसाळा संपला की डबा उघडून चाळीसही बटणं एकदा दाबून पाहावीत.