बाळाची बाटली उकळणे कधी थांबवावे?

तान्ह्या बाळाची दुधाची बाटली, निपल आणि वाटी-चमचा उकळून घेतात, त्यामागे दोन कारणे आहेत. पहिल्या काही महिन्यांत बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची असते; मोठ्या माणसाला जाणवणारही नाहीत अशा जंतूंनी त्याला जुलाब-उलट्या होतात आणि अंगातले पाणी झपाट्याने कमी होते. दुसरे कारण दुधातच आहे. कोमट दुधात जंतू फार वेगाने वाढतात.

उकळणे कधी थांबवावे, याबाबत सगळीकडे एकच नियम नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा बाळ किमान 12 महिन्यांचे होईपर्यंत बाटल्या निर्जंतुक करायला सांगते. अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राच्या मते 2 महिन्यांच्या आतील, अपुऱ्या दिवसांच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांसाठी रोजचे निर्जंतुकीकरण विशेष महत्त्वाचे असते. त्याहून मोठ्या, निरोगी बाळाची बाटली प्रत्येक वेळी नीट धुतली जात असेल, तर ती रोज उकळण्याची गरज नसते. मात्र या सवलतीमागे स्वच्छ पाणी गृहीत धरलेले आहे. टँकरचे, बोअरचे किंवा टाकीत साठवलेले पाणी जिथे उकळल्याशिवाय पीत नाहीत, तिथे वर्षाची मर्यादा पाळणे सुरक्षित.

सहा महिन्यांनंतर बाळ वरचे खाऊ लागते, रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते. मग बाटलीच तेवढी कशाला उकळायची, असे घरात म्हटले जाते. पण खेळण्यावर दुधाचा साका नसतो. बाटलीत तो तासन्‌तास राहतो. म्हणून ब्रिटनमध्ये सहा महिन्यांनंतर खाण्याच्या वाट्या-चमचे उकळायला सांगत नाहीत, दुधाच्या बाटल्या मात्र उकळायला सांगतात. पाण्याचा उघडा पेला धुतला की पुरतो. झडप आणि नळी असलेल्या कपातून दूध दिले जात असेल, तर त्याला बाटलीचाच नियम लावावा.

निर्जंतुकीकरण हे धुण्याची जागा घेत नाही. निपलची रिंग उघडून पाहिली, तर आट्यांमध्ये दुधाचा पांढरट चिकट थर दिसतो. तो तसाच ठेवून बाटली उकळली, तर थर जागेवरच राहतो आणि पुन्हा जंतूंना आसरा देतो. म्हणून दूध संपताच सगळे भाग सुटे करावेत, साबणाच्या गरम पाण्यात वेगळ्या ब्रशने घासावेत आणि निपलच्या भोकातून पाणी दाबून काढावे. उकळताना भाग पूर्ण बुडलेले असावेत, आत हवेचे बुडबुडे अडकू नयेत. खळखळ उकळी किती वेळ हवी, याला अमेरिकेत 5, तर ब्रिटनमध्ये किमान 10 मिनिटे सांगतात. नंतर ओट्यावरच्या फडक्याने पुसू नये. त्या फडक्यावरचे जंतू बाटलीला लागतात. स्वच्छ जागी निथळू द्यावे. चिरलेली, चिकट झालेली निपल बदलावी.

पावडरच्या दुधाबाबत आणखी एक गोष्ट आहे. डबाबंद पावडर स्वतः निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर हा जंतू आढळतो आणि नवजात बाळाला त्याने मेंदूज्वर होऊ शकतो. बाटली कितीही उकळली तरी हा धोका जात नाही. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटना पावडर किमान 70 अंश सेल्सिअसच्या पाण्यात कालवून मग दूध निववायला सांगते.

भारतात डॉक्टर बाटलीपेक्षा वाटी-चमच्याला पसंती देतात. बाळाला दूध पाजण्याच्या पूर्वीच्या बोंडल्याला चोच असे, ती आतून घासावी लागे. पसरट वाटीत कोपराच नसल्याने दुधाला लपायला जागा उरत नाही. 1992च्या कायद्याने देशात दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदीही आहे.

थोडक्यात, पहिले दोन महिने निर्जंतुकीकरणात सूट नाही. पुढे वर्षापर्यंत पाणी, बाळाची तब्येत आणि बालरोगतज्ज्ञाचा सल्ला पाहून ठरवावे. निरोगी बाळाच्या बाबतीत वर्षानंतर उकळणे थांबवता येते. घासून धुणे मात्र बाटली सुटेपर्यंत चालूच ठेवावे लागते.