मराठीच्या हाताला बसलेला संगणक

मराठी लिहिणाऱ्याच्या कळफलकावर सर्वांत कमी कामाची कळ म्हणजे कॅप्स लॉक. देवनागरीत मोठी आणि छोटी अशी वेगळी अक्षरं नाहीत, तरी ही कळ डाव्या करंगळीशेजारी, अगदी मोक्याची जागा अडवून बसलेली असते. म्हणून कोणाचाही संगणक मराठी लेखनासाठी लावून द्यायचा असला की मी तिच्यापासून सुरुवात करतो. एकदा दाबली की मराठी, पुन्हा दाबली की इंग्रजी.

अलीकडे सदाशिव पेठेत आत्याकडे हे काम केलं. आत्या दिवाळी अंकांची आणि पुस्तकांची मुद्रितं तपासते. तिच्या डेस्कटॉपवर विंडोज १० होतं, त्याचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते या यंत्रात नाही. यंत्र मात्र धडधाकट. फायलींची प्रत बाहेर काढून घेतली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, रॅम आठ जीबी केली आणि लिनक्स मिंट घातलं. हा भाग आता इतका सोपा झाला आहे की त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये भाषा बदलण्याचं काम कॅप्स लॉकला देता येतं, आणि त्याच पानावर खाली आणखी एक सोय आहे, ती फार थोडे लोक वापरतात. कॅप्स लॉकचा दिवा मराठी चालू असतानाच पेटेल असं सांगता येतं. मुद्रितं तपासणाऱ्याची नजर कागद आणि पडदा यांच्यात फिरत असते. कोपऱ्यातलं भाषेचं बारीक चिन्ह शोधायला तिला सवड नसते. हिरवा दिवा मात्र न पाहताही दिसतो. “म्हणजे आता ओळभर इंग्रजी उमटल्यावर कळायचं नाही,” आत्या म्हणाली. वेगवान प्रोसेसरपेक्षा या दोन सोयींनी तिचा अधिक वेळ वाचतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

कळफलकाचा आराखडा इनस्क्रिप्टच ठेवला. इंग्रजी स्पेलिंगमधून मराठी उमटवणारे आराखडे पहिल्या दिवशी सोपे वाटतात, पण रोज पानंच्या पानं हाताळणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकावं. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात त्याला जागा मिळाली आणि त्याची मांडणी आपल्या वर्णमालेवरूनच केलेली आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. क च्या कळीवर शिफ्ट धरली की ख, त वर थ, ल वर ळ. आणि र वर शिफ्ट धरली की ऱ. पुढे हलन्त आणि य दिला की ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य तयार.

हा ऱ्य मराठीच्या संगणकावरचा सर्वांत नाजूक सांधा आहे. तो दोन प्रकारे साठवला जातो. एक वर सांगितला तो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह असतं. कागदावर दोन्ही सारखेच उमटतात, पण शोध घेताना संगणक त्यांना वेगळे शब्द धरतो. ॲ चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवून काम भागवत आणि अनेकांच्या हाताला अजून तीच सवय आहे. एकाच दिवाळी अंकात दहा लेखकांचे लेख दहा ठिकाणांहून येतात. ‘ॲ’ची एक चूक सर्वत्र दुरुस्त केली असं वाटतं आणि छापलेल्या अंकात ती दुसऱ्या रूपात हसत उभी असते.

यासाठी लिबरऑफिसमध्ये छोटा मॅक्रो करून तो एका कळीला जोडला. लेख उघडला की आधी ती कळ दाबायची. दोन्ही ऱ्य एकाच रूपात येतात, तसाच ऱ्ह, अ वरचा चंद्र ॲ होतो, शब्दांमधली दुहेरी मोकळी जागा जाते. त्यानंतरच वाचायला घ्यायचं.

मग ऑटोकरेक्टची यादी. ती आत्यानेच सांगितली, मी टाइप केली: ‘महत्व’चं महत्त्व, ‘आशिर्वाद’चं आशीर्वाद, ‘कवियित्री’चं कवयित्री, ‘उर्जा’चं ऊर्जा. आपले शब्द प्रत्यय लागून बदलतात, त्यामुळे ‘महत्वाचा’, ‘महत्वाची’, ‘महत्वाने’ अशी प्रत्येक नोंद करत बसलं तर यादी संपायची नाही. शब्दाच्या शेवटी टिंब आणि तारका दिली की लिबरऑफिस पुढचा प्रत्यय तसाच ठेवून आधीचा भाग बदलतं. आत्या हे समजल्यावर स्वतःच पुढे सरसावली.

लिबरऑफिसच्या भाषेच्या पर्यायांत मराठी निवडणं हे वरवर किरकोळ वाटणारं काम आहे. तिथे लॅटिन आणि देवनागरी यांचे फॉन्ट आणि आकार वेगवेगळे ठरतात. ते माहीत नसलं की इंग्रजीचा आकार वाढतो आणि मराठी जागची हलत नाही. शिवाय काही फॉन्टमध्ये मजकूर मराठी आहे असं सांगितल्यावरच ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदीच्या. आत्यासाठी शोभिका लावला. त्याची देवनागरी राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रावर आधारलेली आहे आणि छापील पानाच्या जवळ जाते.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाण्याची पुणेकरांना सवय आहे. लिबरऑफिस मूळ सेटिंगप्रमाणे दर दहा मिनिटांनी मजकूर राखून ठेवतं. ते दोन मिनिटांवर आणलं आणि प्रत्येक फायलीची मागची प्रत ठेवायला सांगितलं. पडद्याची सजावट, रंग, विजेट यांतलं काहीच घातलं नाही. तिला त्याचा उपयोग नाही.

“अरे, पण माझं श्रीलिपीतलं सगळं?” हा प्रश्न येणारच होता. मराठी अक्षरं संगणकावर आणण्यात पुण्याचा वाटा मोठा. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं जिस्ट तंत्र इथे वाढवलं, आणि श्रीलिपीही पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची. पेठांमधली किती पुस्तकं तिच्यात जुळली असतील! पण त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत आणि दिसतील त्या क्रमाने साठवलेली असत. ‘स्थिती’ची पहिली वेलांटी डोळ्यांना स् च्या आधी दिसते, म्हणून फायलीतही ती आधी. ‘सूर्य’चा रफार य च्या डोक्यावर, म्हणून तो य नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: वेलांटी थ नंतर, र य च्या आधी. त्यामुळे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला अक्षरं बदलून भागत नाही, त्यांची जागाही हलवावी लागते. तो अडखळतो तेही जोडाक्षरापुढच्या वेलांटीपाशी, रफारापाशी आणि आपल्या ऱ्य पाशी.

म्हणून रूपांतर झालेलं प्रत्येक पान जाणत्या माणसाने वाचायलाच हवं, आणि आत्याहून जाणतं कोण? जुन्या फायली वर्षांनुसार फोल्डरमध्ये लावून दिल्या आहेत. एका वेळी एक अंक घ्यायचा, रूपांतर करायचं, मॅक्रोची कळ दाबायची आणि छापील अंक शेजारी ठेवून ताडून पाहायचं. सुरुवात तिने सर्वांत जुन्या अंकापासून केली आहे, कारण त्याची छापील प्रत तिच्याकडे एकच आहे आणि तिची पानं सुटायला लागली आहेत.