रुळांलगतची विचारपूस

पेठ तालुक्यात लोहमार्ग नाही. द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे उतरण्याऐवजी त्याहून दूर, रेल्वेने मुंबईकडे निघणाऱ्या तेथील माणसाला एसटीने नाशिक गाठून नाशिकरोड स्थानकावर यावे लागते. त्यामुळे घरापासून तुटलेला, मनाने खचलेला माणूस परक्या गर्दीत प्रथम रेल्वे कर्मचाऱ्याच्याच नजरेस पडण्याची शक्यता मोठी असते.

अशा माणसाला ओळखण्याचे काम कोणत्याही एका पदाचे नाही. रोज पायी चालत रुळांची तपासणी करणारा कीमन, पॉइंट्समन, सफाई कामगार, हमाल आणि रेल्वे सुरक्षा दलाचा जवान यांच्या सवयीच्या नजरेवर ते चालते. प्रवाशाचे लक्ष सामानाकडे आणि येणाऱ्या गाडीकडे असते. एकामागून एक गाड्या निघून गेल्या तरी बाकावरून न उठणारा, हाकेला उशिरा ओ देणारा माणूस म्हणूनच वेगळा दिसतो. त्याच्याशी बोलताना दरडावण्याऐवजी शेजारी बसून “दादा, कुठं जायचंय? घरी कोण असतं?” असे विचारणे हितावह ठरते. आत्महत्येचा विचार मनात आहे का, हे स्पष्ट विचारल्याने तो विचार बळावतो, ही समजूत चुकीची आहे. उलट त्या प्रश्नाने बोलण्याची वाट मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मांडलेल्या मानसिक प्रथमोपचारात, म्हणजे संकटातील व्यक्तीला तत्काळ द्यायच्या मानवी आधारात, पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे एवढेच अपेक्षित आहे. जोडून देणे म्हणजे नातेवाईक, डॉक्टर किंवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’च्या 14416 या विनामूल्य क्रमांकापर्यंत त्या व्यक्तीला पोहोचवणे, आणि तोवर तिला एकटे न सोडणे. घरी कोकणा बोली बोलणाऱ्या पेठच्या मजुराजवळ त्या वेळी वरिष्ठ अधिकाऱ्यापेक्षा ती बोली जाणणारा सहकारी बसणे अधिक मोलाचे असते.

ब्रिटनमध्ये लोहमार्ग सांभाळणारी ‘नेटवर्क रेल’ आणि ‘समॅरिटन्स’ ही संस्था 2010 पासून कर्मचाऱ्यांना अशाच संभाषणाचे शिक्षण देत आहेत. भारतात असे मोकळेपणी बोलण्याच्या भीतीचे एक मोठे कारण कायदा हे होते. भारतीय दंड संहितेच्या कलम 309 नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 ने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरून तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरले नाही.

जेथे मदत पोहोचत नाही, तेथे लोको पायलट, म्हणजे इंजिनचालक, असहाय साक्षीदार ठरतो. त्याने ब्रेक लावलेले असतात, हॉर्न वाजवलेला असतो, तरीही ‘आपण वाचवू शकलो असतो’ हा विचार त्याला सोडत नाही. पुढे वॉकीटॉकीवरून कळवणे, स्टेशन मास्तरांना मेमो देणे, लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा ही कामे ठरलेल्या क्रमाने होतात. चालकाच्या मनाची दखल मात्र त्या कागदांत सहज येत नाही. तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, दचकून जाग येणे, त्या मार्गावर गाडी नेताना हात थिजणे ही लक्षणे महिनाभरानंतरही टिकली, तर ती आघातोत्तर तणाव विकाराची असू शकतात, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर जडणाऱ्या आणि उपचारांनी आटोक्यात येणाऱ्या आजाराची. ड्यूटी संपवताना लॉबीत, म्हणजे चालकांच्या नोंदणी कक्षात, त्याच्या श्वासाची तपासणी होते; त्याच खिडकीशी, झोप लागते का, हेही त्याला विचारले गेले पाहिजे, आणि ‘नाही’ असे उत्तर दिल्याने आपली गाडी काढून घेतली जाईल, अशी धास्ती त्याला वाटता कामा नये.