शरीराची उत्क्रांती आणि आत्म्याचा प्रश्न

उत्क्रांतीचा धडा शिकवताना वर्गातून एक प्रश्न येऊ शकतो : माणसाचे शरीर प्राण्यांपासून घडत आले असेल, तर आत्मा कोठून आला? विचारणारा विद्यार्थी ख्रिस्ती असेल, तर घरची श्रद्धा खरी की शाळेचे पुस्तक, असा पेच त्याच्यापुढे असू शकतो. तो हसण्यावारी नेणे बरे नव्हे. कॅथलिक चर्चमध्ये या प्रश्नावर दीर्घकाळ विचार झाला आहे. त्यातील विज्ञानाचा भाग कोणता आणि श्रद्धेचा कोणता, हे आपण पाहू या.

प्रथम शब्दाचा अर्थ. 'आत्मा' म्हटले की आपल्याकडे जन्मोजन्मी देह बदलणारे तत्त्व डोळ्यांसमोर येते. कॅथलिक शिकवणुकीतील आत्मा तसा नाही. प्रत्येक माणसाचा आत्मा ईश्वर नव्याने निर्माण करतो. तो आई-वडिलांकडून येत नाही, त्याला पूर्वजन्म नाही, आणि मृत्यूनंतर तो नष्ट होत नाही. विचार करणे व बरेवाईट निवडणे या शक्ती त्याच्याच मानल्या जातात.

शरीर एकीकडे, आत्मा दुसरीकडे

डार्विनचा मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सेंट जॉर्ज मायव्हर्ट या इंग्रज कॅथलिक प्राणिशास्त्रज्ञाने एक तोड सुचवली : शरीर उत्क्रांतीने घडले असेल, आत्मा मात्र थेट ईश्वराकडून आला. पोप पायस बारावे यांनी १९५० साली 'ह्युमानी जेनेरिस' या परिपत्रकात जवळपास हीच भूमिका घेतली. शरीराच्या उत्पत्तीचा शोध विद्वानांनी घ्यावा, आत्मा ईश्वरनिर्मित आहे हे मात्र श्रद्धावंताने मानावे, असे त्यांनी लिहिले. पुढे १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीचा सिद्धांत केवळ गृहीतक राहिलेला नाही, असे व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीला कळवले.

ही वाटणी सोयीची आहे. जीवाश्म, अवयवांची रचना आणि डीएनए यांतून शरीराचा इतिहास तपासता येतो. अभौतिक आत्म्याला मोजपट्टी लावता येत नाही. म्हणून तो आहे किंवा नाही, यांपैकी काहीच प्रयोगशाळा सिद्ध करू शकत नाही.

दोनच आद्य पालक?

मात्र त्याच परिपत्रकात आणखी एक मुद्दा होता. सर्व माणसे एकट्या आदामाचे वंशज आहेत, हे सोडता येणार नाही. कारण मूळ पापाची शिकवण त्यावर उभी आहे. येथे श्रद्धेचे विधान शरीराच्या इतिहासात शिरते, आणि ते तपासता येते.

एका जोडप्याकडे कोणत्याही एका जनुकाची जास्तीत जास्त चार रूपे असू शकतात. प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए जनुकांची रूपे मात्र फार मोठ्या संख्येने आढळतात, आणि त्यांतील काही भेद चिंपांझी व मानव यांच्या वाटा वेगळ्या होण्यापूर्वीपासून चालत आले आहेत. अशा विविधतेवरून दिसते, की गेल्या काही लाख वर्षांत आपल्या पूर्वजांचा समूह कधीच दोन व्यक्तींवर आलेला नव्हता.

मग १९८७ साली गाजलेल्या 'तंतुकणिकेच्या ईव्ह'चे काय? तंतुकणिकेतील डीएनए फक्त आईकडून मिळतो. घराण्यात मुलीच झाल्या की आडनाव थांबते, वंश थांबत नाही. येथे त्याच्या उलट आहे : ज्या स्त्रियांना मुलगेच झाले, त्यांचा हा डीएनए पुढे गेला नाही. म्हणून सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीची ती स्त्री तेव्हाची एकमेव स्त्री नव्हती.

यावर केनेथ केम्प या तत्त्वज्ञाने २०११ साली उत्तर मांडले : हजारोंच्या समूहातील दोघांनाच ईश्वराने आत्मा दिला, त्यांच्या संततीचे इतरांशी संबंध आले, आणि कालांतराने सर्वच माणसे त्या दोघांचीही वंशज झाली. वंशावळीच्या गणिताने हे शक्य आहे. सर्व मानवांचे एखादे समान पूर्वज अवघ्या काही हजार वर्षांपूर्वीचेही असू शकतात, असे २००४ साली संगणकीय प्रतिकृतींतून दिसले होते. पण या उत्तराची किंमतही आहे. शरीराने सारखे असलेल्या पती-पत्नींपैकी एकाला आत्मा आणि दुसऱ्याला नाही, असे मानावे लागते. शिवाय २०१० साली निअँडरथल मानवाचा जनुकसंच वाचला गेला आणि त्याचा काही अंश आफ्रिकेबाहेरील आजच्या लोकांत सापडला. मग निअँडरथलांना आत्मा होता का? नॅन्सी मर्फी यांच्यासारखे काही ख्रिस्ती विचारवंत तर आत्मा ही शरीरापासून वेगळी वस्तूच मानत नाहीत.

वर्गात काय सांगावे? विद्यार्थ्याला श्रद्धा सोडायला सांगणे हे विज्ञानाच्या तासाचे काम नाही. श्रद्धेला बाधा येईल म्हणून पुरावा झाकणेही नाही. प्रत्येक विधानापुढे एकच प्रश्न लिहायला सांगावे : हे खोटे असेल, तर ते कशावरून कळेल? 'मानव व चिंपांझी यांचे पूर्वज समान होते' आणि 'मानव फक्त दोघांपासून वाढले' या विधानांना उत्तर सापडेल. 'ईश्वराने आत्मा दिला' यापुढची जागा कोरी राहील. ती कोरी का राहिली, यावर चर्चा होऊ द्यावी. विज्ञानाची पद्धत आणि तिची मर्यादा, दोन्ही विद्यार्थ्यांना त्यातून समजतील, असे आम्हांला वाटते.