शेवाळावर वाढणारं औषध

प्रतिजैविकाची किंमत पहिल्यांदा ठरते ती जंतूला काय खायला घातलं यावरून. फर्मेंटेशनमध्ये नोकरी केली, म्हणून हे ठामपणे सांगते. टाकीत पोत्यांनी साखर आणि पेंड जाते; हाती औषध येतं ते थोडंसं.

१९४१मध्ये संशोधक फ्लोरी आणि हीटली पेनिसिलिन देणारी पेनिसिलियम बुरशी घेऊन ऑक्सफर्डहून अमेरिकेला गेले. पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत अँड्र्यू मॉयर यांनी तिला लॅक्टोज आणि कॉर्न स्टीप लिकर, म्हणजे मक्याचं स्टार्च काढताना मागे राहणारं पाणी, देऊन पाहिलं. पेनिसिलिन सुमारे दहापट वाढलं. ग्लुकोज भरपूर असेल तर बुरशी नुसती फोफावते, औषध फारसं बनवत नाही. लॅक्टोज सावकाश पचतं, आणि त्या अर्धपोटी अवस्थेत पेनिसिलिन तयार होतं.

पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांच्या गटाला हॅमायसिन हे प्रतिजैविक मिळालं, ते स्ट्रेप्टोमायसिस या मातीतल्या जिवाणूपासून. या कुळातले जिवाणू प्रथिनं फोडणारी विकरं बाहेर सोडतात, म्हणून त्यांना सोयाबीनची पेंड चालते. मग शेवाळ का चालू नये? वाळलेल्या स्पिरुलिनात निम्म्याहून जास्त प्रथिन असतं. अर्थात डब्यात विकली जाणारी स्पिरुलिना परवडणार नाही. स्वस्त म्हणजे सांडपाण्यावर वाढवलेलं शेवाळ, समुद्री शेवाळातून अल्जिनेट हा चिकट पदार्थ काढून उरलेला चोथा, किंवा २०११पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर ढिगांनी येऊन पडणारं सारगॅसम हे समुद्री शेवाळ.

अडचणी खऱ्या आहेत. समुद्री शेवाळात मीठ फार. क्लोरेला या सूक्ष्म शेवाळाची पेशीभित्तिका चिवट, ती आधी फोडावी लागते. अल्जिनेट राहिलं तर टाकीतलं द्रावण खळीसारखं दाट होतं आणि हवेतला ऑक्सिजन जिवाणूपर्यंत पोचत नाही. ऑक्सिजन तुटला की बॅच गेलीच. सारगॅसम आर्सेनिक शोषतं, सांडपाण्यातलं शेवाळ जड धातू. हिरवं रंगद्रव्य औषधाबरोबर सॉल्व्हंटमध्ये उतरलं तर शुद्धीकरणाचा खर्च वाढतो, आणि पेंडीत वाचवलेला पैसा तिथे जातो.

म्हणून सगळी पेंड एकदम काढू नये. आधी थोडी पेंड काढून तिथे शेवाळ घालावं, तेही फ्लास्कमध्ये, आणि शेवाळाच्या प्रत्येक खेपेचं नायट्रोजन, राख, आर्सेनिक तपासून. हिशेब किलोमागे शेवाळाच्या दराचा नको, शुद्ध होऊन हाती आलेल्या ग्रॅमभर औषधाचा हवा.