खाणीवर रुजलेलं रान आणि त्यातल्या शेकोट्या

गुरुग्राममध्ये दिल्लीच्या वेशीला लागून आज अरवली जैवविविधता उद्यान आहे. तिथे एकेकाळी दगडाच्या खाणी होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरवलीतल्या खाणकामाला चाप लावला आणि २००९ मध्ये गुरुग्राम, फरिदाबाद व मेवातमधल्या खाणी पूर्ण थांबवल्या. मागे उरले ते खड्डे, उघडे पडलेले खडक आणि वेडी बाभूळ. २०१० मध्ये ‘आय अॅम गुडगाव’ ही नागरिकांची संस्था आणि महापालिका यांनी त्या जमिनीवर काम सुरू केलं. या उद्यानाची आखणी करणाऱ्या विजय धस्माना यांनी तिथे शोभेची झाडं न लावता अरवलीचंच रान पुन्हा उभं करायचं ठरवलं. बिया बाजारात मिळणाऱ्या नव्हत्याच. त्या राजस्थानातून आणि जवळच्या मांगर बनीतून वेचून आणाव्या लागल्या. साळई, खैर, पळस, धव अशा दीडशेहून अधिक देशी जाती रुजल्या. पुढे या रानातून रस्ता काढायचा घाट घातला गेला, तेव्हा लोक हातात हात घालून उभे राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षित क्षेत्राबाहेर राहूनही निसर्ग जपणारी देशातली पहिली जागा म्हणून या उद्यानाला मान्यता मिळाली.

बियांचं कोठार असलेली मांगर बनी फरिदाबाद जिल्ह्यात, गुरुग्रामपासून थोड्याच अंतरावर आहे. ही आपल्याकडच्या देवराईसारखीच. गुदडिया दास बाबांच्या श्रद्धेपोटी मांगर, बंधवाडी आणि बलियावास या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथली फांदी मोडली नाही. म्हणून आपल्या धावड्याचा भाऊबंद असलेला धव इथे दाट उभा आहे. धवाचं बी फार कमी रुजतं. तो पसरतो तो बहुधा मुळांतून फुटणाऱ्या धुमाऱ्यांनी, आणि अतिशय सावकाश.

गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यावर गाड्यांची वर्दळ वाढली तसे शहरातले लोक पार्ट्या करायला अरवलीच्या या डोंगरात येऊ लागले. त्यांच्या मागे काय राहतं ते मी वाकून पाहिलं आहे. तीन दगडांमधली राख, अर्धवट जळलेली फांदी, वितळून दगडाला चिकटलेला प्लास्टिकचा पेला, आणि गवतात विखुरलेल्या बाटलीच्या काचा. शेकोटीच्या वरच्या फांदीची पानं होरपळून तपकिरी झालेली. आसपासच्या खोडांवर चाकूने कोरलेली नावं. हे पाहून संताप येतो, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही. खाणीने ओरबाडलेल्या जमिनीवर रान आणायला माणसांची इतकी वर्षं जातात, आणि त्याचं बियाणं पुरवणारी बनी कुणीतरी एका रात्रीच्या मौजेसाठी पेटवून देऊ शकतो.

मार्च ते जून हा सगळ्यात नाजूक काळ. गवत वाळून कोळ झालेलं असतं, लू वाहत असते. रातवा आणि टिटवी जमिनीवरच अंडी घालतात. ठिणगी उडाली तर मोठं झाड एखाद्या वेळी तगेल, पण गुडघ्याएवढी रोपं, धवाचे कोवळे धुमारे आणि ती अंडी वाचत नाहीत.

कायदा नाही असं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड ठरवून दिला. पण त्याच गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यावर बंधवाडीला दोन शहरांच्या कचऱ्याचा डोंगर आहे आणि उन्हाळ्यात तोही पेटतो. तो धूर रोज पाहणाऱ्या माणसाला आपण केलेली एक शेकोटी गुन्हा वाटणार कशी? आधी तो डोंगर हटला पाहिजे. आणि उन्हाळ्यात संध्याकाळच्या गस्तीला पगारी माणसं नेमायची तर ती बनी जपणाऱ्या त्या तीन गावांतलीच नेमावीत. कुठली पायवाट कुठे उतरते आणि गाडी कुठे लपवतात, हे तिथल्या गुराख्यांना चांगलं माहीत असतं.